चुन्याचा हात आणि लाखेचें रोगण

इंग्लंडांतील ख्रिस्ती देवळांच्या भिंती एके काळीं संतांच्या चित्रांनीं भरलेल्या होत्या. सोळाव्या शतकांत धर्मसुधारकांनीं त्यांवर चुन्याचा हात फिरविला. तीन शतकांनीं तो खरवडतां खालीं कित्येक चित्रें टिकून राहिलेलीं आढळलीं. पुसूं पाहणारा चुनाच राखणदार ठरला!

अजिंठ्यास उलटें घडलें. मेजर गिल यांनीं वर्षानुवर्षें खपून काढलेल्या तेथील चित्रांच्या बहुतेक नकला १८६६ त लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्याही कित्येक नकलांची १८८५ त तीच गत झाली. उरला आधार मूळ भिंतींचाच. त्यांच्या रक्षणार्थ निजाम सरकारनें १९२० त इटालियन कारागीर आणविले. त्यांनीं सुटते पापुद्रे चिकटविले, हे उपकारच. पण वर दिलेलें लाखेचें रोगण पुढें पिवळें पडून रंग झांकोळले. तें उतरविण्याचें नाजूक काम मागाहून पुरातत्त्व खात्याच्या वांट्यास आलें.