उसाच्या फडातून व्हॉट्सअ‍ॅपच्या वर्गात

दिवाळीच्या आसपास बीडच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. पोरांची शाळा सुटू नये म्हणून गावोगावी हंगामी वसतिगृहं निघाली. पोरं गावातच राहिली, तर हजेरीपटावर टिकतील, एवढाच तेव्हाचा सुरक्षेचा विचार.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर आला. घरात स्मार्टफोन असलाच तर एकच. त्यावर मुकादमाचे फोन, बँकेचे ओटीपी आणि पोरीचा गृहपाठही. ओटीपी कुणाला सांगू नये, हा धडा कुठल्या इयत्तेत होता?

ऑनलाइन सुरक्षेचा कायदा मात्र आधीच आला होता. मुलांच्या अश्लील चित्रणाविरुद्धचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६७ब २००९ पासून लागू आहे. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठीची १५५२६० ही राष्ट्रीय हेल्पलाइन मात्र २०२१ मध्येच आली. पुढे तिचा क्रमांक १९३० झाला.