फायटरच्या पिल्लांचा इतिहास

ऍक्वेरियमच्या कुठल्याही दुकानात जा. मोठ्या टाक्यांमध्ये गोल्डफिश, एंजल, गप्पी वगैरे मंडळी घोळक्यानं फिरत असतात आणि काउंटरवर मात्र प्लॅस्टिकच्या ग्लासांची एक रांग असते. एका ग्लासात एकच मासा. निळा नाहीतर लाल, शेपूट घागऱ्यासारखी पसरलेली. दुकानदार बजावून सांगतो, "फायटर आहे साहेब, दोन एकत्र ठेवू नका." याचं पुस्तकी नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. गाव थायलंड, म्हणजे पूर्वीचं सियाम.

या माशाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते एकतर झुंजीबद्दल असतं, नाहीतर सौंदर्याबद्दल. गेली चार वर्षं मी घरी याची पिल्लं वाढवतोय, आणि माझं मत असं झालंय की याचा खरा इतिहास तिसऱ्याच ठिकाणी आहे. तो पिल्लाच्या तोंडात आहे. अगदी शब्दशः. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम तीन मिलिमीटरचं. त्याचं तोंड केवढं असेल, करा कल्पना. त्या तोंडात मावेल असं जिवंत, हलणारं खाणं रोज कुणी आणि कसं पुरवलं, यावर बाकीचा सगळा डोलारा उभा आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नर पाण्याच्या वरच्या थरावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मग मादीला विळखा घालतो, अंडी खाली पडायला लागतात आणि हा पठ्ठ्या ती तोंडात गोळा करून वर नेऊन घरट्यात चिकटवतो. काम झालं की मादीला हाकलतो (तिला तेव्हाच बाहेर काढायचं, नाहीतर तिची धडगत नसते). दीडेक दिवसात अंडी फुटतात. पिल्लं शेपटी खाली करून घरट्याला लोंबकळतात. एखादं निसटून खाली गेलं की बाप धावत जाऊन त्याला तोंडात पकडून परत जागेवर लावतो. शंभर ते पाचशे पिल्लं आणि एकटा बाप! हे बघता बघता रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहायला लागतात, पोटातला बलक संपतो, आणि बापाला बाहेर काढावं लागतं. इथून पुढची जबाबदारी तुमची.

आता इतिहास.

थाई भाषेत याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. झुंजी लावायच्या आणि त्यावर पैजा लावायच्या, यासाठी लोक तो पाळत. १८४० मध्ये सियामच्या राजानं, म्हणजे तिसऱ्या रामानं, आपल्याकडचे काही मासे एकाला दिले आणि तिथून ते थिओडोर कँटर या डॉक्टरकडे पोचले, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. हा कँटर मूळचा डेन्मार्कचा, नोकरी ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय खात्यात. त्यानं मलाया भागातल्या माशांची जी यादी तयार केली ती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये १८४९ साली आली. म्हणजे या थाई माशाची शास्त्रीय ओळख छापली गेली ती आपल्या कलकत्त्यात. पण कँटरला हा मासा स्वतंत्र जात वाटलाच नाही. चिनी लोकांनी जसा पाळून पाळून गोल्डफिश घडवला, तसा हा माणसानं घडवलेला प्रकार आहे असं त्याला वाटलं आणि त्यानं तो दुसऱ्याच एका रानटी जातीत घातला. ती गफलत १९१० मध्ये लंडनच्या चार्ल्स टेट रीगननं निस्तरली आणि बेट्टा स्प्लेंडेन्स हे नाव दिलं.

पण कँटरला अगदीच मोडीत काढू नका. २०२२ मध्ये या माशांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निघालं की माणूस हा मासा निदान चारशे वर्षं तरी पाळतोय. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्याही आधीपासून सियाममध्ये कुणीतरी याच्या जोड्या लावत होतं, पिल्लं निवडत होतं. जात ओळखताना कँटर चुकला, पण माणसाचा हात त्यानं बरोबर ओळखला होता.

या चारशे वर्षांत पिल्लांना काय खाऊ घातलं असेल? माझा तर्क असा, की वेगळं काही घालावंच लागलं नसेल. भातशेतीचा उबदार मुलूख. मातीच्या भांड्यात डबक्यातलं पाणी घेतलं, त्यात दोन पानं कुजली, की डोळ्यांना न दिसणारे जीव आपोआप तयार. तिथले लोक आजही फायटरच्या पाण्यात एक वाळलेलं पान टाकतात. ते पान कुठल्या झाडाचं माहितीये? आपल्या देशी बदामाचं! कोकणात ज्याच्या बिया दगडानं फोडून खायचो तेच झाड. त्याच्या पानानं पाणी चहासारखं होतं आणि माशाला मानवतं.

खरी पंचाईत झाली युरोपात. पॅरिसच्या कार्बोनिएनं १८६९ मध्ये चीनहून आलेल्या पॅराडाइज फिशची पिल्लं वाढवून दाखवली होती. हा फायटरचा चुलतभाऊ, घरटं तसंच बुडबुड्यांचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला फायटरही फ्रान्स-जर्मनीत पोचला. अंडी मिळायची, पिल्लंही निघायची. पण तिथल्या थंडीत, स्वच्छ काचेच्या टाकीत ती खाणार काय? उपाय निघाला तो जुनाच. वाळलं गवत पाण्यात भिजत घालायचं, आठवडाभरात त्यात सूक्ष्मजीव दिसायला लागतात. लेवेनहुकनं १६७६ मध्ये मिरी पाण्यात भिजवून सूक्ष्मजीव पाहिले, तोच हा धडा. (त्याला बघायचं होतं मिरी तिखट का लागते ते. भलतंच सापडलं.) मी गवताऐवजी कोबीची पानं वापरतो. काम चोख होतं, पण वास असा येतो की बरणी बाल्कनीतच ठेवावी लागते आणि शेजारच्या काकू अधूनमधून "गटार तुंबलंय का हो?" म्हणून विचारतात.

या पद्धतीत एक अडचण आहे. बरणीतले जीव आज भरपूर, उद्या गायब. पिल्लाला मात्र रोज आणि दिवसातून अनेकदा खायला लागतं. एक दिवस खाडा झाला की दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी हिशोब दिसतो. आमच्या धंद्यात याला बॉटलनेक म्हणतात. मागच्या-पुढच्या सगळ्या गोष्टी कितीही वेगवान करा, इथं येऊन गाडी अडणार.

ती अडचण सुटली सॅन फ्रान्सिस्कोत. तिथल्या स्टाइनहार्ट ऍक्वेरियमच्या ऍल्विन सीलनं १९३३ मध्ये लिहिलं की आर्टेमिया नावाच्या मिठागरातल्या इवल्याशा कोळंबीची ताजी पिल्लं हे माशांच्या पिल्लांसाठी उत्तम खाणं आहे. या आर्टेमियाची खासियत म्हणजे तिची अंडी कोरडी करून डब्यात भरून ठेवता येतात आणि ती वर्षानुवर्षं टिकतात. खाऱ्या पाण्यात टाकायची, खालून हवा सोडायची, की साधारण चोवीस तासांत अर्ध्या मिलिमीटरचे नारिंगी जीव वळवळायला लागतात. जिवंत खाणं, तेही डब्यातलं, हवं त्या दिवशी! माझ्या मते फायटरच्या इतिहासात तिसऱ्या रामापेक्षा या सीलचं नाव मोठं असायला हवं. पण राजा आणि झुंज यात जी मजा आहे ती मिठागरातल्या किड्यात कुठून येणार?

आणि हे मिठागर काही फार लांबचं नाही बरं का. १९५३ मध्ये सी. व्ही. कुलकर्णींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये भारतात आर्टेमिया सापडल्याची नोंद केली. कुठे, तर मुंबईत, वडाळ्याला. हार्बर लाइननं जाताना ज्याच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही तिथे. हेच कुलकर्णी पुढे लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महसीरची पिल्लं वाढवण्याच्या कामात होते. आमच्या घरी आर्टेमियाचा कारखाना म्हणजे कोल्ड्रिंकची उलटी टांगलेली दोन लिटरची बाटली, एअरपंप आणि दोन चमचे खडेमीठ. आई म्हणते, "ओट्यावर हे किडे नकोत." म्हणून ती आता माझ्या टेबलावर, मॉनिटरच्या शेजारी.

खाण्याचा प्रश्न सुटल्यावर काय झालं बघा. १९३४ मध्ये अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठातल्या गुडरिच आणि मर्सर यांनी फायटरच्या रंगांचं जनुकशास्त्र मांडलं. निळ्या नराची निळ्या मादीशी जोडी लावली तर सगळी पिल्लं निळी होत नाहीत. साधारण अर्धी निळी, पाव हिरवी आणि पाव पोलादी करडी. निळा रंग हा दोघांच्या मधला, त्यामुळे निळ्यांची शुद्ध पैदास होतच नाही. पण हिरव्याची करड्याशी जोडी लावा, सगळी पिल्लं निळी! शाळेतल्या मेंडेलच्या वाटाण्यांसारखंच. आता हे प्रमाण मोजायचं तर पिल्लं रंग चढेपर्यंत जगायला हवीत. निम्मी उपाशी मेली तर उरलेल्यांची गणती कशाची?

पुढची कहाणी शेपटीची आहे आणि ती मी भराभर सांगतो, कारण ती सगळ्यांनाच आवडते. १९६० च्या दशकात अमेरिकेत फायटरवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी शेपटी १८० अंशांपर्यंत पसरणारा हाफमून घडवला. नव्वदच्याच दशकात इंडोनेशियात काटेरी मुकुटासारख्या शेपटीचा क्राउनटेल आला. २०१६ मध्ये थायलंडच्या झेंड्याच्या रंगांचा एक फायटर ५३,५०० बाट्सना विकला गेला.

पण या प्रत्येक देखण्या माशामागे एक घाण्यातली निवड आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझी मागची बॅच घ्या. तीन-चार आठवड्यांत पिल्लांचा हवा घ्यायचा अवयव तयार होतो आणि ती वर येऊन श्वास घ्यायला लागतात. तोवर झाकण लावून वरची हवा उबदार ठेवावी लागते. तीन महिन्यांना त्रेसष्ट उरली, त्यात एकोणतीस नर. नर एकमेकांना फाडायला लागले की प्रत्येकाला वेगळी बरणी. एकोणतीस बरण्या, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. दुकानदार आला, नऊ घेतले. बाकीचे? "शेपटी सरळ नाही." "रंग मिक्स आहे." माद्यांकडे तर त्यानं पाहिलंही नाही. मोठ्या ब्रीडरकडे अशा उरलेल्यांचं जे होतं त्याला ते 'कल' म्हणतात, म्हणजे काढून टाकणं. बरेचदा मोठ्या माशांना खाऊ घालतात. मी वीस नर आणि चौतीस माद्या मित्रांमध्ये, ऑफिसमध्ये, सोसायटीतल्या मुलांना वाटल्या. त्यात सहा महिने गेले. ज्यांची शेपटी सगळ्यात भारी होती, त्यातल्या दोघांना ती घेऊन धड पोहताही येत नव्हतं आणि एक स्वतःचीच शेपूट चावून घ्यायचा. म्हणून आता मी आखूड शेपटीच्याच जोड्या लावतो. दुकानदार नाराज आहे. असो.

थायलंडमध्ये बरण्यांचा प्रश्न त्यांनी आपल्या पद्धतीनं सोडवला: व्हिस्कीच्या रिकाम्या चपट्या बाटल्या! नाखोन पाथोम भागातल्या शेतांवर अशा हजारो बाटल्या ओळीनं मांडलेल्या असतात, प्रत्येकीत एक नर. हवेतून श्वास घेणारा मासा, म्हणून हे जमतं; आणि म्हणूनच तो चमचाभर पाण्याच्या पिशवीत विमानानं जगभर जातो. पिल्लांना तिथे आधी उकडलेल्या अंड्याचा बलक आणि मग मोइना नावाचे लालसर पाणकिडे. फेब्रुवारी २०१९ मध्ये थायलंड सरकारनं याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं.

बँकॉकला लागूनच महाचाई म्हणून भाग आहे. खाडीचं मचूळ पाणी, कारखाने, मधूनमधून निपा पामची बेटं. तिथल्या हिरव्या रानटी फायटरला शास्त्रीय नाव मिळालं ते थेट २०१२ मध्ये, बेट्टा महाचाईएन्सिस. तोपर्यंत त्याची दलदल बरीचशी भराव टाकून संपत आली होती. जे उरलेत त्यांच्यातले नर आजही निपाच्या देठांच्या बेचक्यांत साचलेल्या पाण्यात बुडबुड्यांचं घरटं बांधतात, आणि पिल्लांचं खाणं तिथल्या कुजलेल्या पानांतच तयार होतं.