शिकाऊ उमेदवारी
कारखान्यात प्रत्यक्ष काम करीत, विद्यावेतन घेत कसब शिकण्याची करारबद्ध पद्धत. भारतात ती शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार चालते. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवी-पदविकाधारकही तिच्या कक्षेत आले. ३० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना उमेदवार घेणे सक्तीचे आहे. बार्शीटाकळी (जि. अकोला) तालुक्यातील आयटीआय झालेल्या मुलामुलींना जिल्ह्यातली मोठी आस्थापना म्हणजे पारसचे औष्णिक वीज केंद्र, रेल्वेची कर्मशाळा थेट भुसावळला. उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे, हे मात्र अनेकांना प्रमाणपत्र हाती पडल्यावरच उमगते. इतर पात्रता समान असल्यास थेट भरतीपेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. नोकरीची हमी त्यातही नाही.