उटणें आणि तें वाटणारे हात

रिसोड तालुक्यांतील रिठद ह्या गांवाचें नांव प्रथम कानीं पडतांच रिठ्याच्या फेसाची आठवण व्हावी हें साहजिक आहे. नामसाम्यावरून इतिहास रचण्याचा मोह मोठा असतो. परंतु तो आवरून आम्ही ह्या गांवांतील एका घरच्या खलबत्त्यापासूनच आरंभ करतों.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशीं आम्ही तेथें एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. त्यांच्या वृद्ध मातुःश्री ओसरीवर बसून उटण्याची सिद्धता करीत होत्या. मसुरीची डाळ, सावलींत वाळविलेली संत्र्याची साल, नागरमोथा, वाळा, कचोरा व आंबेहळद हीं सर्व निरनिराळीं कुटून त्या पीठ वस्त्रगाळ करीत. वर उरलेला चोथा पुन्हा खलबत्त्यांत जाई. कारण भरड राहिलेली साल अंग स्वच्छ न करतां ओरबाडते. आम्हीं प्रमाण विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "माप कायचं, बापा? हाताले समजते."

उटण्याचा लेखी इतिहास थोडाथोडका नाहीं. पण हा हात त्यांत कोठें आहे?

सुश्रुतसंहितेंत स्नेहयुक्त द्रव्यांनीं केलेलें उत्सादन व कोरड्या चूर्णानें केलेलें उद्घर्षण असा भेद केलेला आहे. उद्वर्तनानें कफ व मेद कमी होतात, अवयवांस स्थैर्य येतें व त्वचा प्रसन्न होते, असें वाग्भट सांगतो. वात्स्यायनानें तर रसिक नागरकास दिनक्रमच आंखून दिला आहे: स्नान नित्य, उत्सादन एक दिवसाआड आणि फेनक, म्हणजे फेंस येणारें द्रव्य, तिसऱ्या दिवशीं. मात्र ह्या सर्वांची दृष्टि ज्याच्या अंगास लेप लावावयाचा त्याच्यावर खिळलेली आहे. लावणाऱ्याचा विचार कोणी केलेला नाहीं.

वात्स्यायनाच्या ह्याच ग्रंथांत वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख येतो. वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशीम. पांचव्या शतकांत ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, आणि त्या शाखेच्या हरिषेण राजाच्या काळीं अजिंठ्याचीं कांहीं उत्तम लेणीं खोदलीं गेलीं. त्यांपैकीं सतराव्या लेण्यांत हातीं आरसा धरलेली एक राजस्त्री रंगविलेली असून तिच्याजवळ प्रसाधनाचें तबक घेतलेली दासी उभी आहे. तबकांतील लेप कोणी वाटला असेल, हें सांगावयास नको. चित्रकारानें निदान तिला चित्रांत जागा दिली. पुढें तेराव्या शतकांत म्हाइंभटांच्या लीळाचरित्रांत श्रीचक्रधरस्वामींच्या मर्दनाचे उल्लेख वारंवार येतात, आणि त्यांची सेवा करणाऱ्या बाइसांचें नांवही तेथें टिकून राहिलें आहे. असा मान मात्र फार थोड्यांच्या वांट्यास आला.

सामान्य घरांत काय होत असे? नरकचतुर्दशीस सूर्योदयापूर्वीं अभ्यंगस्नान न करणारा नरकास जातो, अशी समजूत आहे. पहांटे उठून बंब पेटवावयाचा, मग वडीलधाऱ्यांपासून तान्ह्या मुलापर्यंत एकेकास तेल व उटणें लावावयाचें, हें काम घरांतील स्त्रियांचें. आम्हीं त्या मातुःश्रींस सहज विचारलें कीं, तुमचें स्नान केव्हां होई? त्या हंसून म्हणाल्या, "सगळ्याइले लावता लावता उजाडून जाये. माह्या पाठीले कोन लावन?" जिनें उटणें वाटलें तिच्याच वांट्यास सूर्योदयानंतरचें स्नान! आमच्या पंचवीस-तीस वर्षांच्या इतिहासाध्यापनांत आम्ही हा प्रश्न कधीं स्वतःस विचारला नव्हता, आणि आमच्या आईचें स्नान त्या दिवशीं केव्हां होई हें आम्हांस आजही आठवत नाहीं.

साबणानें हे कष्ट पुष्कळ कमी केले. १९१९-२० च्या सुमारास अर्देशिर गोदरेज ह्यांनीं प्राण्यांच्या चरबीऐवजीं वनस्पतितेलांपासून अंगाचा साबण काढला, तेव्हां कर्मठ घरांसही तो वापरण्यास हरकत उरली नाहीं. पुढें अंग घासण्याच्या तयार लेपांत प्लास्टिकचे सूक्ष्म कण आले. ते पाण्यावाटे नद्यांत व समुद्रांत जातात हें ध्यानीं आल्यावर अमेरिकेस २०१५ सालीं त्यांविरुद्ध कायदा करावा लागला. मसुरीचें पीठ मातींत मिसळून जातें, हा आमच्या आज्यांच्या कृतीचा गुण खराच. परंतु तेवढ्यावरून जुनें तें सर्व सोनें म्हणावें, तर त्या पहांटेचा हिशेब अपुरा राहतो.

दुसऱ्या दिवशीं चार वाजतां आम्ही उठलों, तों त्या घरची सून दुधांत उटणें कालवीत होती. पहिला पाट तिनें सासूबाईंसाठीं मांडला. त्या 'आधीं पोरांचं होऊं दे' म्हणत राहिल्या, आणि सून त्यांच्या पाठीस तेल चोळीत राहिली.

वाचकांनीं आपल्या घरच्या उटण्याची कृति अवश्य लिहून ठेवावी. द्रव्यांच्या यादीखालीं तें कुटणारीचें नांवही लिहावें, एवढीच आमची विनंति आहे.