परदेशी जोडीदाराशी लग्न झाल्यावर आयकर विवरणपत्र कसे भरावे?

चौक, रसायनी, कर्जत, खालापूर या पट्ट्यातील आपली मुले-मुली शिक्षण, नोकरी आणि धम्मकार्याच्या निमित्ताने देशाबाहेर जातात. बाहेरचे तरुणही इकडे येतात. ओळखी होतात, काही ठिकाणी लग्ने होतात. लग्नाला विहारात गाव जमते, पण पुढच्या जुलैत आयकर विवरणपत्र मात्र मागच्या वर्षीसारखेच भरले जाते. पाताळगंगा एमआयडीसीत नोकरी करणारा तरुण ओळखीच्या सेवा केंद्रात फॉर्म १६ देतो, तिथला मुलगा आयटीआर-१ भरून देतो आणि विषय संपतो. जोडीदार परदेशी असेल तर विषय तिथे संपत नाही. एका चुकलेल्या फॉर्ममुळे १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

कायद्याबद्दल आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र मात्र जुन्या १९६१ च्या कायद्यानेच भरायचे आहे. खालील कलमे त्याच कायद्यातील आहेत. नव्या कायद्यात क्रमांक बदलले असले तरी मूळ तत्त्वे तीच आहेत.

१. आधी लग्नाची नोंद

विहारात झालेला विधी समाजाला पुरेसा असतो. बँक, व्हिसा कार्यालय आणि आयकर खाते मात्र प्रमाणपत्र मागतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे, पण तो ख्रिस्ती, मुस्लिम किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या जोडीदाराला लागू होत नाही. त्यामुळे परदेशी जोडीदार असल्यास विशेष विवाह कायदा, १९५४ हाच सरळ मार्ग आहे. त्यात दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागते आणि नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते. विहारात आधीच लग्न झाले असेल तर कलम १५ खाली त्याची नोंद करता येते.

या कायद्यातील एक तरतूद आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. कलम १९ प्रमाणे एकत्र कुटुंबातील हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने या कायद्याने लग्न केले तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असे मानले जाते. कलम २१-अ मध्ये अपवाद आहे. दोघेही या चार धर्मांपैकी असतील तर हा परिणाम होत नाही. म्हणजे जपानच्या किंवा थायलंडच्या बौद्ध मुलीशी लग्न केल्यास एक परिणाम आणि जर्मनीच्या ख्रिस्ती मुलीशी केल्यास दुसरा. घरची सामाईक जमीन असेल किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाचे वेगळे पॅन असेल तर नोंदणीपूर्वीच वकिलाला विचारून घ्यावे.

२. भारतात नवरा-बायकोचे एकत्र विवरणपत्र नसते

अमेरिकेत पती-पत्नी एकत्र विवरणपत्र भरू शकतात. भारतात तशी सोय नाही. प्रत्येकाचे पॅन वेगळे, उत्पन्न वेगळे, विवरणपत्र वेगळे. अपवाद गोव्याचा आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची समाईक संपत्तीची पद्धत ज्यांना लागू आहे, त्यांचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न कलम ५-अ प्रमाणे दोघांत निम्मे वाटले जाते. रायगडात हे लागू नाही.

परदेशी नागरिकाला पॅनसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. जुन्या १९६१ च्या कायद्यात तो नमुना ४९एए या नावाने ओळखला जात असे. पॅनवर लग्नानंतरही वडिलांचेच नाव राहते, नवऱ्याचे लावावे लागत नाही. आडनाव बदलायचे की नाही हा दोघांचा प्रश्न, पण पासपोर्ट, पॅन आणि बँक यांत नाव एकसारखे असावे.

३. सगळ्यात महत्त्वाचे: रहिवासी की अनिवासी?

कर नागरिकत्वावर ठरत नाही, भारतात किती दिवस राहिलात त्यावर ठरतो. व्हिसाचा प्रकार किंवा ओसीआय कार्ड यांचाही त्याच्याशी संबंध नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहणारी व्यक्ती रहिवासी ठरते. त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस झाले असतील तरीही ती रहिवासी ठरते. भारतीय नागरिक आणि भारतीय वंशाच्या व्यक्तींना या ६० दिवसांच्या अटीत काही सवलती आहेत.

उदाहरण घेऊ. पत्नी १० सप्टेंबर २०२५ ला प्रथमच चौकला आली आणि इथेच राहिली. ३१ मार्च २०२६ पर्यंत २०३ दिवस झाले, म्हणजे ती रहिवासी. ती १० नोव्हेंबरला आली असती तर १४२ दिवस भरले असते आणि ती अनिवासी राहिली असती. दोन महिन्यांच्या फरकाने सगळे गणित बदलते. म्हणून पासपोर्टवरील येण्या-जाण्याच्या शिक्क्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

रहिवाशांतही दोन प्रकार आहेत. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षे अनिवासी असलेली, किंवा मागच्या ७ वर्षांत मिळून ७२९ दिवस किंवा कमी भारतात राहिलेली व्यक्ती ‘रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही’ या वर्गात येते. नव्याने भारतात आलेला परदेशी जोडीदार पहिली दोन-तीन वर्षे बहुधा याच वर्गात असतो. या काळात त्याच्या मायदेशातील घरभाड्यावर, व्याजावर किंवा पेन्शनवर भारतात कर लागत नाही आणि परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावा लागत नाही. ही सवलत माहीत नसल्यामुळे लोक एक तर नको तो कर भरतात किंवा भीतीने विवरणपत्रच भरत नाहीत.

उलट एक गोष्ट गैरसोयीची आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही असे आपण ऐकतो. ती कलम ८७-अ ची सूट आहे आणि ती फक्त रहिवाशांना मिळते. भारतात ६ लाख रुपये करपात्र उत्पन्न असलेल्या रहिवाशाला कर शून्य. तेवढ्याच उत्पन्नाच्या अनिवासी व्यक्तीला ४ लाखांवरील २ लाखांवर ५ टक्के, म्हणजे १०,००० रुपये, अधिक ४ टक्के उपकर, असे १०,४०० रुपये भरावे लागतात.

४. चौकमध्ये बसून परदेशी कंपनीचे काम

पगार परदेशी बँकेत जमा होतो, कंपनी परदेशी आहे, म्हणून भारतात कर नाही, हा समज चुकीचा आहे. काम जिथे बसून केले तिथे पगार मिळवला असे कायदा मानतो. घरी लॅपटॉपवर केलेल्या कामाचा पगार भारतातील उत्पन्न आहे. थोड्या दिवसांचा मुक्काम असेल तर दुहेरी कर टाळण्याच्या करारात सूट मिळू शकते, पण वर्षभर राहणाऱ्याला ती मिळत नाही.

परदेशी कंपनी बहुधा इथे टीडीएस कापत नाही. त्यामुळे टीडीएस वजा जाता १० हजार किंवा जास्त कर निघत असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना आगाऊ कर भरावा, नाहीतर व्याज लागते. त्याच उत्पन्नावर दोन्ही देशांत कर लागत असेल तर करारानुसार एका देशात भरलेल्या कराची वजावट दुसरीकडे मिळते. भारतात ती घ्यायची असेल तर फॉर्म ६७ ऑनलाइन भरावा लागतो आणि परदेशात कर भरल्याचा पुरावा जोडावा लागतो.

५. आपल्या मुलाचे विवरणपत्र कुठे चुकते?

परदेशी जोडीदारापेक्षा जास्त धोका इथल्या जोडीदाराला असतो, कारण तो पूर्ण रहिवासी असतो आणि त्याला जगभरातील मालमत्ता दाखवावी लागते. सासरच्यांनी प्रेमाने त्याचे नाव परदेशातील बँक खात्यात जोडले, तर तो त्या खात्याचा धारक झाला. मग:

• आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ चालत नाही. आयटीआर-२ लागतो, धंदा असल्यास आयटीआर-३.
• परदेशी मालमत्तेचा तक्ता, म्हणजे ‘शेड्यूल एफए’, भरावा लागतो. त्यात जानेवारी ते डिसेंबर या वर्षाची माहिती द्यायची असते.
• उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी विवरणपत्र भरावेच लागते.

काळा पैसा कायदा, २०१५ प्रमाणे ही माहिती न दिल्यास १० लाख रुपये दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तेचे एकूण मूल्य २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. माहिती देण्याचे कर्तव्य मात्र तेव्हाही राहते. खाते लपून राहील या भ्रमात राहू नये. अनेक देश खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप देतात आणि अमेरिकेशी भारताने असा करार २०१५ मध्ये केला आहे.

६. भेटी, दागिने आणि बायकोच्या नावावरची ठेव

लग्नानिमित्त मिळालेल्या भेटींवर कर नाही, त्या परदेशी नातेवाइकांकडून आल्या तरी. पती-पत्नीने एकमेकांना दिलेल्या भेटीवरही कर नाही. पण नवऱ्याने १० लाख रुपये बायकोच्या नावावर ठेवीत टाकले, तर त्याचे व्याज कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. कर वाचवायला केलेली ही युक्ती इथे चालत नाही.

परदेशी नातेवाइकांकडून एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त रक्कम आली तर परदेशी योगदान कायद्याच्या नियमांनुसार तीन महिन्यांत केंद्र सरकारला कळवावे लागते.

७. जमीन आणि फार्महाऊस

कर्जत-खालापूरमध्ये जमिनीचे व्यवहार जोरात आहेत, म्हणून हा मुद्दा वेगळा देत आहोत. ओसीआय कार्डधारकाला किंवा भारताबाहेर राहणाऱ्या परदेशी नागरिकाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावे लागते. दलाल ‘नाव लावून देतो’ म्हणाला तरी सातबारावर परदेशी जोडीदाराचे नाव चढवण्याच्या फंदात पडू नये. नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश, चीन अशा काही देशांच्या नागरिकांना, ओसीआय कार्ड नसल्यास, भारतात राहत असूनही रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय साधे घरही विकत घेता येत नाही. आपल्याकडे बौद्ध देशांतील जोडीदार असण्याची शक्यता लक्षात घेता हे ध्यानात ठेवावे.

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डसाठी नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षे पूर्ण व्हावी लागतात. नोंदणी लांबवण्याचा हा आणखी एक तोटा.

८. विहाराला दान

कार्यकर्त्यांनी हा भाग नीट वाचावा. परदेशी नागरिक कायद्याने ‘परदेशी स्रोत’ आहे, मग तो आपल्या गावात राहत असो, ओसीआय कार्डधारक असो, दान रुपयांत देत असो. ज्या विहार ट्रस्टची किंवा मंडळाची परदेशी योगदान नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी नाही, त्याने सूनबाईंकडून किंवा जावयांकडून देणगीची पावती फाडू नये. नोंदणी असेल तर रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परदेशात राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला आपला मुलगा स्वतःच्या कमाईतून देत असेल तर ते परदेशी योगदान ठरत नाही.

९. जोडीदार अमेरिकन असेल तर

अमेरिका आपल्या नागरिकांवर ते कुठेही राहत असले तरी कर लावते. अमेरिकन पत्नी चौकमध्ये राहूनही तिथले विवरणपत्र भरते. ‘विवाहित, वेगळे विवरणपत्र’ हा पर्याय घेतल्यास ते भरण्यासाठीची उत्पन्नमर्यादा फक्त ५ डॉलर आहे. एकत्र विवरणपत्राचा पर्याय घेता येतो, पण मग नवऱ्याचे भारतातील उत्पन्नही अमेरिकेच्या हिशेबात जाते आणि त्याला तिथला कर क्रमांक काढावा लागतो. सही करण्यापूर्वी दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून पाहावी.

अमेरिकेबाहेरील तिच्या सर्व खात्यांत मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरपेक्षा जास्त रक्कम झाली तर वेगळा अहवाल द्यावा लागतो. नवऱ्यासोबतचे संयुक्त खातेही त्यात मोजले जाते. भारतीय म्युच्युअल फंडांवर तिथले नियम फार किचकट आहेत. तिचे नाव फंडात जोडण्याआधी चौकशी करावी.

१०. वर्षांचा घोळ

अमेरिका, जपान, थायलंड आणि जर्मनीत करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल ते ५ एप्रिल. नेपाळमध्ये श्रावणापासून. त्यामुळे तिकडचे वार्षिक प्रमाणपत्र जसेच्या तसे इथे उतरवता येत नाही. महिन्यानुसार पगारचिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे लागतात.

जूनमध्ये करायची तयारी

• विवाह प्रमाणपत्र. लग्न परदेशात झाले असल्यास ते अपोस्टिल केलेले.
• दोघांचे पॅन, पासपोर्ट आणि भारतातील दिवसांचा तक्ता.
• दोन्ही देशांतील खात्यांचे उतारे, कोणत्या खात्यात कोणाचे नाव आहे त्याची यादी.
• परदेशात भरलेल्या कराचा पुरावा आणि फॉर्म ६७.
• योग्य फॉर्म: परदेशी मालमत्ता किंवा उत्पन्न असलेल्या पूर्ण रहिवाशाला, तसेच अनिवासी व्यक्तीला आयटीआर-१ नाही.

पगारदारांसाठी मुदत साधारणपणे ३१ जुलै असते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर विवरणपत्र विनामूल्य भरता येते, पण पहिल्या वर्षी पनवेल किंवा कर्जतच्या एखाद्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे. त्याने याआधी परदेशी मालमत्तेचा तक्ता भरला आहे का, हे आधी विचारावे. मागच्या वर्षी चूक झाली असेल तर नोटिशीची वाट न पाहता मुदतीत सुधारित विवरणपत्र भरावे.

तरुण मंडळांनी जून महिन्यात विहारात एका रविवारी अशा जोडप्यांसाठी मार्गदर्शन ठेवावे. परक्या देशातून आपल्या घरात आलेल्या व्यक्तीला इथली भाषा, इथले कागद आणि इथला कायदा एकदम समजत नाही. ते समजावून सांगण्याची जबाबदारी घरच्यांची आहे आणि आपलीही.