धातुशोधक वेटोळ्याची कसोटी

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा व सौंसर हा टापू संत्र्यांच्या बागांसाठी आणि कापसासाठी वऱ्हाड-नागपूरकडील लोकांच्या परिचयाचा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. हा मराठी बोलणारा मुलूख मात्र छिंदवाड्यासह मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर तहसील त्यात समाविष्ट झाली. परंतु भूगर्भशास्त्रज्ञांच्या जगात सौंसरचे नाव याहून कितीतरी आधी पोहोचलेले आहे. मँगनीज धारण करणाऱ्या प्राचीन खडकांच्या एका मोठ्या समूहास ‘सौंसर’ हेच नाव आहे. लुईस फर्मोर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीजविषयी जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या परिसरातील खाणींना मानाचे स्थान मिळाले.

अशा भूमीवर धातुशोधक यंत्र फिरविले तर काय होईल? पांढुर्ण्याकडील काळी जमीन बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे आणि त्या खडकात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. जमिनीत खिळासुद्धा नसताना अशा मातीवर यंत्र कुरकुरू लागते. वेटोळे बिघडले, असे म्हणून माणूस ते बदलतो. नवे वेटोळेही तशीच कुरकुर करते. मग दोष वेटोळ्याचा की मातीचा? हा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासून त्याच्या पाठीस लागलेला आहे, आणि एकदा तर एका राष्ट्राध्यक्षाचा प्राण त्याच्या उत्तरावर टांगलेला होता.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. तारेच्या एका वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की शेजारच्या वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होतो. दोन्ही वेटोळी अशा बेताने मांडावयाची की हे परिणाम परस्परांस खोडून काढतील आणि कानाला लावलेला टेलिफोन मुका राहील. जवळ धातू आला की हा तोल ढळतो आणि आवाज येतो. डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ साली लंडन येथे असा विजेचा तराजू सिद्ध केला होता.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात अडकून राहिली. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून चौदा वर्षे होती. वैद्यांनी न धुतलेल्या बोटांनी व शलाकांनी जखम चाचपून पाहिली. गोळी सापडली नाही, जंतू मात्र आत गेले. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढे आले. सहकारी टेंटर यांच्यासह त्यांनी वेटोळ्यांचा तराजू रात्रंदिवस खपून सुधारला आणि गोळ्या अंगात घेऊन जगणाऱ्या जुन्या सैनिकांवर तो पारखला.

२६ जुलैच्या संध्याकाळी पहिली परीक्षा झाली. यंत्रातून सतत तडतड ऐकू येत होती व त्याचा पल्लाही घटला होता. प्रयोगशाळेत परतल्यावर कारण उमगले : घाईत कंडेन्सर चुकीच्या रीतीने जोडला गेला होता. तो दोष दूर करून १ ऑगस्टला दुसरी परीक्षा घेतली. या वेळी बऱ्याच विस्तृत भागावर क्षीण आवाज आला. परंतु गोळी अमुक जागी आहे, असे म्हणता येईना. मग बेल यांनी विचारले, बिछान्याजवळचा सर्व धातू खरोखरीच काढला होता काय? तेव्हा कोणास तरी आठवले की, घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी आहे!

येथवर कथा सर्वांना ठाऊक असते आणि तारांच्या गादीवर ठपका ठेवून बहुधा ती संपविली जाते. परंतु बेल तेथे थांबले नाहीत. त्यांनी तशीच दुसरी गादी मिळवून तपासली आणि गादीने विशेष अपाय केला नसावा, असा निष्कर्ष काढला. पुढील काळातील अनेक लेखकांचे मत याच्या उलट आहे. मात्र एका गोष्टीविषयी वाद नाही. मुख्य वैद्य ब्लिस यांनी गोळी उजव्या बाजूस आहे, असे आधीच ठरविले होते व शोधाचा सारा भर तेथेच राहिला. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड निवर्तले. शवचिकित्सेत गोळी डाव्या बाजूस, खोलवर आढळली. याच धामधुमीत, १५ ऑगस्टला, बेल यांचा नवजात पुत्र श्वास अपुरा पडून दगावला होता. तरीही पुढल्या वर्षी त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत, त्यातील अपयशासह, विद्वानांच्या सभेपुढे ठेवला.

एकाच अपयशात तीन निरनिराळे दोष कसे दडलेले असू शकतात, हे येथे दिसते. पहिला यंत्राच्या जोडणीत, दुसरा परिसरात, तिसरा माणसाच्या ठाम समजुतीत. पहिला एका रात्रीत सापडला, दुसऱ्याविषयी अजून मतभेद आहेत, आणि तिसऱ्याकडे वेळेवर कोणीच पाहिले नाही.

दोषाकडे नीट पाहणाऱ्याला कधी लाभही होतो. गेरहार्ड फिशर हे विमानांसाठी रेडिओच्या साहाय्याने दिशा दाखविणाऱ्या यंत्रांवर काम करीत असताना, खनिजयुक्त खडकांच्या प्रदेशात यंत्रे चुकीची दिशा दाखवितात, असे त्यांच्या लक्षात आले. ही चूकच धातूचा माग सांगते, हे ओळखून त्यांनी धातुशोधक बनविला व १९३७ साली त्याचे पेटंट मिळविले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी सुरुंगशोधक रचला. १९४२ साली एल् अलामेनच्या रणांगणात सुमारे पाचशे यंत्रे वापरली गेली.

म्हणून वारंवार कुरकुरणाऱ्या वेटोळ्याची परीक्षा क्रमाने व्हावी. प्रथम ते जमिनीपासून व सर्व धातूंपासून दूर, हवेत धरावे. तेथे ते शांत राहिले तर माती बोलते आहे, असे समजून यंत्राचा तोल त्या मातीशी जुळवावा. हवेतही ते बोलत राहिले तर तार हलवून पाहावी, सांधे तपासावे, ओल शिरली आहे काय ते पाहावे. वेटोळे बदलण्याची पाळी या सर्वांनंतर येते. सौंसर-पांढुर्ण्याची जमीन यंत्राला फसवीत नाही. आपल्या पोटात जे आहे तेच ती सांगत असते. ऐकणाऱ्याने आधीच उजवी बाजू ठरवून टाकलेली नसावी, एवढेच तिचे मागणे आहे.