जामे मशिदीपासून जुल्फापर्यंत

इस्फहान म्हणजे अर्धे जग, अशी फारसी भाषेत एक जुनी म्हण आहे. म्हणी रचणाऱ्यांना मोजमापाची पर्वा नसते हे खरे. तरी हे अर्धे जग पायी पाहून होते. शहराच्या ईशान्येकडील जामे मशिदीपासून निघावे, बाजारातून राजमैदानात उतरावे, चारबागेच्या सावलीतून नदी गाठावी आणि पूल ओलांडून अर्मेनियन लोकांच्या जुल्फा वस्तीत थांबावे. सारी वाट सहाएक किलोमीटरांची. पण तिच्यावर साडेपाचशेहून अधिक वर्षांची बांधकामे उभी आहेत. मराठी माणसाला तर ही वाट सर्वस्वी परकी वाटूच नये. बाजार, मैदान, नगारखाना, बाग आणि पूल हे या वाटेवरचे शब्द फारसीतूनच आपल्या घरी आले आणि घरचे होऊन राहिले.

प्रारंभ जामे मशिदीपासून करावा, कारण शाह अब्बासाचे भव्य मैदान आधी पाहिले म्हणजे ही जुनी मशीद उगीचच साधी वाटू लागते. ती साधी नाही. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्जुक सुलतान मलिकशाह याची राजधानी येथे होती. त्याचा वजीर निजामुल्मुल्क याने 1086-87 च्या सुमारास मशिदीच्या दक्षिणेस विटांचा प्रचंड घुमट उभारला. हैदराबादकरांना हा किताब चांगला परिचयाचा आहे. आसफजाही घराण्याच्या मूळ पुरुषाने सहाशे वर्षांनी तोच धारण केला. वजिराचा प्रतिस्पर्धी ताजुल्मुल्क याला ते बांधकाम सहन झाले नसावे. दोनच वर्षांत त्याने त्याच मशिदीच्या उत्तर टोकाला दुसरा घुमट बांधला. तो आकाराने लहान, पण प्रमाणबद्धतेत असा निर्दोष की आजचे वास्तुशास्त्रज्ञही त्याच्यापुढे थबकतात. त्यावर रंगीत फरशी नाही की सोन्याचा मुलामा नाही. नुसत्या विटा, आणि त्या विटांच्या मांडणीतून वर चढत जाणाऱ्या रेषा. दरबारी मत्सरातून इतकी शुद्ध वस्तू क्वचितच निर्माण झाली असेल. निजामुल्मुल्काचा 1092 मध्ये खून झाला, पुढच्याच वर्षी ताजुल्मुल्कही मारला गेला. घुमट मात्र तैमूरच्या 1387 च्या कत्तलीतून वाचले. इराण-इराक युद्धाच्या काळात बाँबहल्ल्याने मशिदीच्या काही भागाची हानी झाली. तो भाग विटेवर वीट रचून पुन्हा उभा करण्यात आला.

मशिदीतून बाहेर पडताच छपराखालचा बाजार सुरू होतो. वर एकामागून एक विटांचे लहान घुमट, प्रत्येकाच्या माथ्यावर उजेडासाठी एक भोक. त्यातून उतरणारा उन्हाचा खांब मसाल्यांच्या ढिगांवर, तांब्याच्या भांड्यांवर, छापील कापडाच्या ठाणांवर पडतो. शाह अब्बासाची थोरवी कळावयाची असेल तर राजमैदानापेक्षाही या बाजाराकडे पाहावे. 1598 मध्ये त्याने राजधानी कझवीनहून येथे आणली, तेव्हा जुने शहर पाडून नवे बांधण्याचा सोपा मार्ग त्याला मोकळा होता. त्याने तसे केले नाही. जुन्या चौकाला हात न लावता त्याने दूर नैर्ऋत्येला, नदीच्या दिशेने, नवे मैदान आखले आणि दोहोंमध्ये सुमारे दोन किलोमीटरांचा बाजार दोरीसारखा ओढून घेतला. व्यापार नव्या मैदानाकडे वळला की शहर आपोआप मागोमाग येईल हा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला.

बाजार कैसरिया दरवाजापाशी संपतो आणि डोळे दिपतात. नक्श-ए-जहान मैदान सुमारे 560 मीटर लांब आणि 160 मीटर रुंद आहे. पोलो खेळण्यासाठी रोवलेले दगडी खांब दोन्ही टोकांना आजही उभे आहेत. दरवाजाच्या माथ्यावरच्या नगारखान्यात एके काळी नौबत झडे. पूर्वेस शेख लुत्फुल्लाह मशीद आहे, 1603 ते 1619 या काळातली. तिला मनोरा नाही, चौक नाही. ती राजघराण्याच्या खासगी प्रार्थनेची जागा. तिचा मातकट पिवळा घुमट उन्हाबरोबर रंग पालटतो. दक्षिणेला शाह मशीद. तिचे प्रवेशद्वार मैदानाशी सरळ रेषेत आहे, पण आत शिरताच सारी इमारत मक्केच्या दिशेने वळते. हे वळण इतक्या कौशल्याने साधले आहे की आपण वळलो हे चालणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. या मशिदीचे काम 1611 मध्ये सुरू झाले. रंगीत तुकडे कापून जुळवण्याची पद्धत फार वेळखाऊ, म्हणून बहुतेक भिंतींसाठी एकाच फरशीवर अनेक रंग भाजून काढण्याची स्वस्त आणि जलद रीत वापरण्यात आली. राजाला घाई होती. तरीही 1629 मध्ये तो वारला तेव्हा सजावट अपुरीच होती. जामे मशिदीचा उत्तरेकडील घुमट पाहून आलेल्याला ही घाई जाणवल्यावाचून राहत नाही.

पश्चिमेस आली कापू, म्हणजे उंच दरवाजा, आणि त्याच्या मागे चेहेल सोतून महाल. चेहेल सोतून म्हणजे चाळीस खांब. खांब वस्तुतः वीसच. बाकीचे वीस समोरच्या हौदात दिसतात. हौदात पाणी असले तर, हे ओघानेच आले. आतल्या भिंतींवर दोन चित्रे हिंदुस्थानच्या इतिहासाची आहेत. एकात परागंदा हुमायून शाह तहमास्पचा पाहुणा होऊन बसला आहे. दुसऱ्यात 1739 ची कर्नालची लढाई आहे, जीत नादिरशाहाने त्याच हुमायूनच्या वंशजाचा पराभव केला. पहिल्या चित्रातला आश्रित आणि दुसऱ्यातला पराभूत एकाच घराण्याचे, आणि दोन्ही चित्रे एकाच दालनात.

चारबाग हा रुंद, झाडांचा राजमार्ग. त्याच्या मधोमध पूर्वी पाण्याचा पाट वाहत असे. नदीतून काढलेल्या अशा पाटांना येथे मादी म्हणतात. त्यांच्यावरच या कोरड्या पठारावरील बागा, हौद आणि हमामखाने जगले. नदीचे नाव झायंदेरूद, जीवनदायिनी. या वाटेवरचे सारे वैभव तिच्या पाण्याचे ऋणी आहे.

नदीवरचा तेहतीस कमानींचा पूल अल्लाहवर्दी खानाने बांधून घेतला. 1602 च्या सुमारास तो पुरा झाला. लांबी सुमारे तीनशे मीटर. हा सरदार जन्माने जॉर्जियाचा ख्रिस्ती, गुलाम म्हणून इराणात आलेला आणि सेनापतिपदापर्यंत चढलेला. त्याचा मुलगा इमामकुली खान याचे नाव गोव्याच्या इतिहासाशी दोनदा जोडले गेले आहे. 1622 मध्ये इंग्रजांच्या जहाजांच्या साहाय्याने पोर्तुगिजांना होर्मुझमधून हुसकावले ते त्याच्याच फौजेने. आणि 1624 मध्ये जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म बदलण्यास नकार दिला म्हणून तिला शिराझमध्ये छळ करून ठार करण्यात आले, तेव्हा तेथला सुभेदार तोच होता. गोव्याहून 1602 मध्ये शाहाच्या दरबारी आलेल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी इराणात आपले मठ स्थापले होते. त्यांनी राणीच्या काही अस्थी गोव्यास नेल्या. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत सापडलेल्या अस्थी तिच्याच असाव्यात, याला 2013 मध्ये जनुकीय तपासणीने दुजोरा मिळाला, आणि 2021 मध्ये भारताने त्या जॉर्जियाला अर्पण केल्या.

पुलापलीकडचे नवे जुल्फाही सक्तीतूनच जन्मले. 1604-05 मध्ये तुर्कांशी युद्ध चालू असता शाह अब्बासाने अरस नदीकाठचे जुने जुल्फा रिकामे करून जाळले आणि तेथील अर्मेनियनांना इकडे हाकून आणले. नदी ओलांडताना आणि पुढच्या प्रवासात हजारो दगावले. जे पोहोचले त्यांना त्याच राजाने जमीन दिली, चर्चे बांधण्याची मुभा दिली, रेशमाच्या व्यापारात मोठा वाटा दिला. जाळणारा हात आणि देणारा हात एकच. याचा निवाडा इतिहासकारांना अजून सोपा गेलेला नाही. जुल्फाचे व्यापारी सुरत, आग्रा, मद्रास येथपासून मनिला आणि ॲमस्टरडॅमपर्यंत पसरले. त्यांच्या छापखान्यात 1638 मध्ये स्तोत्रांचे पुस्तक छापले गेले. इराणात मुद्रित झालेल्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. 1664 मध्ये पूर्ण झालेले वांक कॅथीड्रल बाहेरून पाहिले तर मशीदच वाटावी: विटांचा घुमट, मातकट रंग, वर एक लहानसा क्रूस. आत खालच्या भिंतींवर इराणी फरशीची फुले आणि त्यांच्या वर बायबलातील प्रसंगांची चित्रे. मातृभूमीतून उखडलेल्या माणसांनी देव आपला ठेवला आणि विटा शेजाऱ्यांच्या घेतल्या.

परतताना पुन्हा पूल लागतो, आणि येथे पांथस्थाचे पाऊल अडखळते. कमानींखाली बहुतेक काळ पाणीच नसते. वरच्या अंगाला 1970 मध्ये धरण झाले. शेती, कारखाने आणि दूरची शहरे यांची तहान वाढत गेली, त्यात अवर्षणे आली, आणि या शतकाच्या आरंभापासून नदी शहरात वारंवार कोरडी पडू लागली. नोव्हेंबर 2021 मध्ये हक्काच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांनी नदीच्या कोरड्या पात्रातच ठाण मांडले. महिनाअखेरीस पोलिसांनी त्यांना बळाने पांगवले. भूजल उपसल्याने शहराखालची जमीनही खचते आहे, आणि जुन्या इमारतींना तडे जाण्याची भीती निर्माण झाली आहे. सायंकाळी लोक मात्र सवयीने पुलांवर येतात. खालच्या अंगाच्या खाजू पुलाच्या कमानींत कोणी तरी गाणे धरतो, भोवती माणसे जमतात. धरणातून काही दिवसांसाठी पाणी सोडल्याची वार्ता आली की मुलाबाळांसह सारे शहर काठावर धावते, आणि पहिली लाट पुलाच्या पायथ्याशी पोहोचते तेव्हा टाळ्या वाजतात.